ठिपक्यांची हद्द

३ फेब्रुवारी २००३

“सु. ग. कोण?”

दुपारी एक म्हातारा ऑफिसात उभा राहून हे विचारत होता. हातात आमच्याच नकाशाची झेरॉक्स. कोपऱ्यात आमच्या फर्मचं नाव, दादरचा पत्ता, आणि खाली बारीक अक्षरात — रेखांकन : सु. ग. त्यावरून शोधत आला होता.

सु. ग. त्याच्यापासून चार हातांवर बसली होती. माऊसवर हात ठेवून. गप्प!

हेरंब सर केबिनमधून बाहेर आले. “आम्ही फक्त जुने नकाशे कॉम्प्युटरवर घेतो. तक्रार जागेच्या मालकांकडे करा.”

बरोबर एक साठीची बाई होती. ती फणकारली, “मालक हाय कुठं? संपानंतर तोंड दावलंय का त्यानं?”

चंद्रकोर मिल, घोडपदेव. ब्याऐंशीच्या संपात बंद पडली, मग चार-दोन वर्षं रखडत चालली आणि कायमची थांबली. आता जमीन बिल्डरकडे. मागच्या अंगाला कामगारांची चाळ आहे, बावीस खोल्या. मिलच्या जागेतली चाळ म्हणजे नव्या इमारतीत हक्काची घरं मिळायची होती. पण नकाशात चाळ मिलच्या हद्दीबाहेर पडलीय. रस्त्याच्या जागेत. अतिक्रमण! खाली करायची नोटीस आलीय. वीस तारखेला सुनावणी.

“चाळीस वर्षां मिलवाल्यांक भाडा दिला,” म्हातारा म्हणाला. “आणि आता चाळ मिलची नाय? ही रेघ कोणी मारल्यान, तेवढाच सांगा.”

जाताना झेरॉक्स माझ्याच टेबलावर ठेवून गेला. मागे नाव लिहिलंय — गुणाजी, खोली नं. १९.

४ फेब्रुवारी

शीट नंबर चौदा, चंद्रकोर मिलचं. गेल्या ऑगस्टात मीच केलं. आठवतंय मला.

५ फेब्रुवारी

मूळ स्कॅन उघडला.

हा कागद नव्वद वर्षांपूर्वीचा. कापडावर चिकटवलेला, चौघडी घातलेला. स्कॅन केला की त्याचा नुसता फोटो मिळतो — लाखो ठिपके, काळे, करडे, पांढरे. त्यात भिंत कुठली, डाग कुठला, कॉम्प्युटरला काही कळत नाही. मग ठिपक्यांवरून रेघा काढायच्या. रेघेला लांबी येते, तिने वेढलेल्या जागेचं क्षेत्रफळ येतं. एकदा रेघ झाली की तिच्यावर सगळे विश्वास ठेवतात. पूर्वी मी एकेक रेघ हाताने गिरवायचे. ऑगस्टात चाळीस शीटं आठ दिवसांत हवी होती, म्हणून ऑटोवर टाकली. आधी धूळ काढायची कमांड, मग ट्रेस.

मिलची हद्द त्या जुन्या सर्व्हेयरने ठिपक्या-ठिपक्यांनी दाखवली होती. बारीक, फिकट ठिपके, चाळीच्या पूर्वेकडून जाणारे. धूळ म्हणून साफ झाले! आणि चाळीच्या पश्चिमेला कागदाची घडी होती. घडीत नव्वद वर्षांचा मळ. काळी, सलग, सरळ. कॉम्प्युटरने तिची रेघ केली आणि मी तिला हद्द म्हणून नकाशात टाकली.

शाईची रेघ नाहीच ती. मळाची आहे.

आणि हेही आठवतंय — एका फटक्यात इतकी सरळ रेघ आली म्हणून बरं वाटलं होतं मला.

६ फेब्रुवारी

हेरंब सरांना सांगितलं. दार लावून.

त्यांनी स्क्रीनवर घडी मोठी करून बघितली. समजलं त्यांना, पहिल्या मिनिटात समजलं. मग म्हणाले, “क्लायंटने तपासणीच्या प्रिंटवर सही केलीय.”

“पण चूक आपली आहे.”

“सुनेत्रा, आपण नऊ जणं आहोत इथे. निम्मं काम ह्या एका बिल्डरचं आहे. त्यांनी मागितल्याशिवाय दुरुस्ती द्यायची नाही.”

“ते कशाला मागतील?”

“मागणार नाहीत,” ते म्हणाले. आवाज अगदी खाली.

संध्याकाळी शीट चौदाची सीडी त्यांच्या कपाटात गेली. सर्व्हरवरचा स्कॅनही उडवला.

७ फेब्रुवारी

मूळ शीटच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी सरकारी कचेरीत अर्ज केला. खिडकीवरचा म्हणाला, सहा आठवडे. सुनावणीला तेरा दिवस!

९ फेब्रुवारी

घरी अप्पांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. वाटलं होतं, धीर देतील. म्हणाले, “तुझं नाव कोणी घेतलंय का? नाही ना? मग तू होऊन कशाला घेतेस?”

भांडले मी. ताटावरून उठले. फार बोलले.

दुपारी चहा घेताना ते आपणहून बोलायला लागले. अप्पा परळच्या एका मिलमध्ये हेडक्लार्क होते. संपात साळखातं, कार्डिंग, कामगारांची सगळी खाती बंद, पण ऑफिसच्या लोकांना पगार चालू. रोज गेटातून आत जायचे. गेटावर दगडू नावाचा एक कामगार उभा असायचा. शिवी नाही, काही नाही. नुसतं विचारायचा, “अप्पा, आज काय काम केलंत?”

“काय सांगणार? काम नव्हतंच. वह्या पुसून ठेवायचो. पुढे पुढे तो दिसेनासा झाला. मी कोणाला विचारलं नाही.”

कप विसळायला उठले. मोरीतून म्हणाले, “तुला काय करायचं ते कर. माझं विचारू नकोस.”

१० फेब्रुवारी

दुसऱ्या कामाची सीडी हवी म्हणून कपाटाची किल्ली मागितली. हेरंब सरांनी न बघता दिली. अकरा वर्षं झाली, अशीच देतात.

शीट चौदा माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. चोरी केली मी आज.

१३ फेब्रुवारी

आठवड्याची रजा टाकून घोडपदेवला गेले. चाळ सापडायला वेळ लागला नाही. मिलचं धुराडं अजून उभं आहे, त्याच्या खालीच. एल आकाराची, बैठी. सतरा ते बावीस नंबर काटकोनात वळलेले.

पाच-सहा जण जमले. गुणाजी, त्यांची बायको राधाबाई, आणि ती त्या दिवशीची बाई — शेवंताबाई, चार नंबरवाली. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, आधी बोलते.

“सु. ग. मीच. चूक माझी आहे.”

शेवंताबाई तुटून पडली. “त्या दिशी समोर बसलीवतीस ना? म्हातारा माणूस इचारतोय, नि तू तोंड शिवून! आमच्या चुली इझल्या तरी तुझं टेबल सुखरूप!”

खरं होतं.

गुणाजींनी तिला थांबवलं. मला म्हणाले, “चूक झाली कशी, ता सांग.” मी सांगितलं — ठिपके, धूळ, घडी. ते कान देऊन ऐकत होते. मग बोलले, “मी कार्डिंगात होतंय. कापसातलो कचरो काढूचा काम. मशीन जास्त आवळला तर कचऱ्याबरोबर चांगलो तंतूय जाता. खाली पडलेलो ढीग मास्तर हातान चाळून बघी.” माझ्याकडे बघितलं. “तू ढीग बघूक नाय.”

ओरडले असते तर बरं झालं असतं!

मग टेप काढली. चाळीचा कोपरा न् कोपरा मोजला. टेपचं दुसरं टोक गुणाजींनी धरलं, सत्तरीच्या वर असतील, दोन तास उन्हात वाकून. मागे एक जुनी विहीर आहे, बुजवलेली. ती शीटवरही आहे. तिच्यापासून सगळी मापं घेतली.

निघताना राधाबाईंनी चहा दिला. घेतला.

१५ फेब्रुवारी

घरी कॉम्प्युटर नाही. माझी मैत्रीण मीनाक्षी, तिच्या दुकानात बसतेय, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. ती लग्नपत्रिका छापते. मी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर. “काय गिरवतेयस एवढं?” म्हणाली. सांगितलं. मग गिऱ्हाईक आलं की ती मधे उभी राहायला लागली, स्क्रीन दिसू नये म्हणून. शहाणी आहे.

ह्या वेळी ऑटो नाही. एकेक ठिपका मोठा करून बघायचा. शाई असेल तर कडा पसरट, मळ असेल तर मऊ, करडा. खात्री झाली की क्लिक. उत्तरेकडून सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत विहिरीजवळ पोचले. एक ते सोळा नंबर स्वच्छ आत! कोणी काही म्हणू शकणार नाही.

आणि विहिरीपाशी कागदच संपला.

वाळवी लागली होती कधीतरी. हाताच्या पंजाएवढा तुकडा गेलाय आणि मागून कोरा कागद चिकटवलाय. पांढरं फक्क. पलीकडे परत ठिपके सुरू होतात, पार आग्नेय कोपऱ्यात.

त्या पांढऱ्याच्या खाली सतरा ते बावीस नंबर आहेत.

हद्द सरळ गेली असेल तर सहाच्या सहा खोल्या बाहेर. वळून गेली असेल तर आत. कागद काहीच सांगत नाही.

१६ फेब्रुवारी

चाळीत जाऊन सांगितलं. प्रिंट जमिनीवर पसरला, सगळे भोवती वाकले.

शेवंताबाईने पहिलं विचारलं, “चार नंबर?”

“आत.”

तिने डोळे मिटले, पदराने तोंड पुसलं आणि मागे जाऊन भिंतीला टेकून बसली.

मी पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. कोणाला पटकन कळेना. राधाबाईंना कळलं. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, हळूच म्हणाल्या, “बाय, रेघ जरा हडे ओढ मगे. कागदार तो कितको? एक नखभर. कोणाक कळतला?”

“रादा, गप रव,” गुणाजी म्हणाले.

“कित्याक गप रवू? पयली रेघ तिणाच चुकवली ना? मगे आता आमच्यासाठी चुकव म्हणा!”

बरोबरच बोलत होत्या त्या.

गुणाजी बस-स्टॉपपर्यंत सोडायला आले. बस दिसली तेव्हा म्हणाले, “खरा काय ता लिव. एक खोटा सापडला तर ते सोळाय खोटे म्हणतीत.” मग, “माका वायट वाटाचा नाय, असा नाय हां. वाटतला.”

१८ फेब्रुवारी

आज काढली ती रेघ. विहिरीला वळसा घालून, सहा खोल्यांना पोटात घेऊन, पलीकडच्या ठिपक्याला जोडलेली. इतकी सहज दिसत होती! जुना सर्व्हेयर विहीर चुकवून वळलाच असेल, असं वाटावं इतकी. बावीस खोल्या आत. दहा मिनिटं नुसती बघत बसले.

मीनाक्षी म्हणाली, “छान झालं की. दे ना मग.”

“मला माहीत नाही ना गं खरं काय ते.”

“त्यांना तरी कुठे माहितीय?”

पुसली. मग वाटलं, सहा घरं पुसली आपण. परत काढली. परत पुसली. मीनाक्षी मशीन बंद करून म्हणाली, घरी जा.

१९ फेब्रुवारी

ठरलं. ठिपका आहे तिथपर्यंत रेघ. पलीकडच्या ठिपक्यापासून परत रेघ. मधे काही नाही. तिथे लिहिलं — “मूळ कागद नष्ट. हद्द दिसत नाही.”

असा नकाशा मी आयुष्यात दिला नव्हता. उघडी राहिलेली हद्द! कॉम्प्युटर क्षेत्रफळसुद्धा काढत नाही.

दुपारी हेरंब सरांचा फोन. “कपाटातली एक सीडी मिळत नाहीये.”

ती माझ्या समोरच होती.

“मी अजून कोणाला विचारलेलं नाही. उद्यापर्यंत विचारणार नाही.” आणि ठेवून दिला.

२० फेब्रुवारी

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

साडेअकराची वेळ, पुकारा झाला अडीचला. अधिकारी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. चाळीकडून मी, गुणाजी आणि एक तरुण वकील. बाकीचे जिन्यात. बिल्डरचे वकील तीन.

मी उभी राहिले. नाव सांगितलं. पहिला नकाशा माझा आहे आणि चुकीचा आहे, असं सांगितलं. सीडी दिली; कुठून, कशी आणली तेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी स्कॅन मोठा करून बघितला. घडी बघितली. ठिपके त्यांना आधी दिसलेच नाहीत — मी स्क्रीनजवळ जाऊन बोटाने एकेक दाखवला. सातव्या-आठव्या ठिपक्यानंतर ते स्वतःच पुढचे दाखवायला लागले! तेव्हा कळलं, सोळा वाचल्या.

मग बिल्डरचे मोठे वकील उठले. “साहेब, ही बाई स्वतःच्या तोंडाने सांगतेय की तिला काम येत नाही. सीडी मालकाच्या कपाटातून न विचारता उचललेली. बरोबर?”

“बरोबर,” मी म्हटलं.

“पहिली रेघ चुकली. मग दुसरी बरोबर कशावरून?”

“म्हणूनच जिथे दिसत नाही तिथे मी काढलेली नाही.”

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “ही तुटलीय ती मुद्दाम?”

“हो. मूळ कागदावरच नाही तिथे.”

“अंदाजाने जोडता आली असती.”

“आली असती, साहेब. दोन प्रकारे.”

त्यांनी ते टिपून घेतलं. गुणाजींकडे बघायची मला हिंमत नव्हती.

निकाल — नोटिशीला स्थगिती. सोळा खोल्या मिलच्या हद्दीत. उरलेल्या सहांसाठी जागेवर मोजणी. सरकारी मोजणीदार येणार.

जिन्यात सगळ्यांनी घेरलं. कोणी पेढा हातात कोंबला. राधाबाई नव्हत्या त्यात.

२१ फेब्रुवारी

राजीनामा दिला. हेरंब सरांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला. “पोलिसात जाणार नाही मी. पण क्लायंट गेला, सुनेत्रा.” डोळे लाल होते त्यांचे. त्या ऑफिसातही आठ घरं आहेत, हे मला माहीत नाही असं थोडंच आहे?

२ मार्च

काम नाही. मीनाक्षीकडे पत्रिका लावते. गणपतीचं चित्र गिरवलं आज, सोंडेची रेघ तीनदा बदलली. सवयीने.

११ मार्च

मोजणी झाली. मी लांब उभी होते. रे रोडच्या बाजूला एक जुना हद्दीचा दगड सापडला, त्यावरून त्यांनी दुर्बीण लावली आणि विहिरीपर्यंत दोरी ताणली.

सरळ.

सहा खोल्या बाहेर. एकोणीस नंबरच्या उंबऱ्यावरून गेली दोरी. मोजणीदाराने गुणाजींना सांगितलं, “बाजूला व्हा काका.” ते झाले.

१४ मार्च

बिल्डरने सोळा जणांना बोलावलंय, चोवीस तारखेला, करारावर सह्या करायला. सह्यांशिवाय त्याला पुढची परवानगी नाही, म्हणून घाई.

चाळीत गेले होते. का गेले, माहीत नाही. एक ते सोळा नंबरची दारं लोटलेली. बोलायला कोणी बाहेर आलं नाही. शेवंताबाईने मला पाहिलं आणि आत गेली.

राधाबाई भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “शेवंताचो घोव संपात सातव्या म्हयन्यात कामार गेलो. सगळ्यांच्या आधी. वरीसभर कोण बोलाक नाय तेंच्याशी. आता ती सही करूक जातली. जाऊ दे. प्वॉरां-बाळां आसत तेंका.”

गुणाजी पेटीतली कागदपत्रं लावत होते. गावाला पत्र टाकलंय म्हणाले, भावाला. घराची कौलं शाबूत आहेत का ते विचारायला.

मी म्हटलं, “काका, ती रेघ मी वळवली असती तर—”

“तर मोजणीत सोळाय गेले असते,” ते म्हणाले. “तू परत परत ताच चाळू नको.”

पण चाळते.

२० मार्च

अप्पांनी आज विचारलं, “त्या सहा घरांचं काय झालं?” मी मान हलवली. जेवले नाहीत नीट.

२४ मार्च

राधाबाईंचा फोन, पीसीओवरून. मागे गलका चाललेला, आधी काही कळेना.

सोळा जणांत शेवंताबाई सगळ्यात पहिली बिल्डरच्या ऑफिसात गेली. पेन हातात घेतलं. मग विचारलं, कागदावर खोल्या किती? सोळा, म्हणाले. तिने पेन टेबलावर ठेवलं. “बावीस लिवा, मग सही घ्या.” आणि बाहेर येऊन पायरीवर बसली.

चार तास झाले. तिच्या मागून आत कोणीच गेलेलं नाही.